डाव्या हातमोज्याची दोन बोटं

संग्या, गाढवा, आधी आपलं ते पेटीचं भांडण.

तुझ्या लाडक्या जपानी मोटरसायकल कंपनीचा मूळपुरुष. मोटरसायकली राहू देत, त्याच्या काळात तिकडे धड रेल्वेही नव्हती. तो पेट्या दुरुस्त करायचा. आपल्या भजनातली नव्हे, पायाने भाता मारायची, शाळेत ठेवायची ती मोठी पेटी. मग त्याने स्वतः एक बनवली आणि खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून राजधानीला दाखवायला नेली. ही गोष्ट तू मला शंभर वेळा सांगितली असशील. आणि दर वेळी ‘एकट्यानं’ म्हणताना तुझा आवाज जड व्हायचा. मी दर वेळी म्हणायचो, एकट्याने नाही रे बाबा, बरोबर एक जोडीदार होता, दोघांनी दांडीला बांधून नेली. तू म्हणायचास, “तुम्ही पुणेकर लेको दुसऱ्याचं कौतुक अर्धं केल्याबिगर जेवत न्हाई.” कंपनीचं नाव मी तुझ्यासमोर कधी घेतलं नाही, चिडवायला ‘पेटीवाले’च म्हणायचो. आताही तेच म्हणणार. भांडण अर्धवट टाकून गेलास. अर्धवट टाकायची तुला सवयच होती म्हणा: असाइनमेंट, भांडी, दाढी, सगळंच.

तुझा तेरावा होऊन आठवडा झाला. तिकडे कोल्हापुरात. मी इथे ॲडलेडमध्ये, ब्रिजिंग व्हिसावर, म्हणजे पुढचा मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं, म्हणून तुला खांदा द्यायला मी आलो नाही. बघ, व्हिसा वाचवला मी. शाबास म्हण.

मी तुझ्यावर भयंकर चिडलोय. रात्रंदिवस चिडलोय. आणि तुझ्या वडिलांशी, आबांशी, मी खोटं बोललो होतो. ते खोटं निस्तरताना काय झालं ते तुलाच सांगायला हवं, दुसऱ्या कुणाला सांगणार? म्हणून हे लिहितोय.

तुला आठवतं का, मॉसन लेक्सच्या त्या घरात तू आलास तो दिवस? तीन खोल्यांत आपण सहा जण. आपल्यातल्या पंजाबी गुरीने दार उघडलं आणि हिंदीत विचारलं, “भाई, सामान बस इतना?” तुझ्याकडे एक बॅग होती आणि खिशात एक पिस्टन. कांदा-लसूण मसाला एअरपोर्टवाल्यांनी काढून घेतला होता, पिस्टन सोडला होता. आबांच्या गॅरेजमधला, शंभर सीसीच्या टू-स्ट्रोकचा, एका बाजूने ओरखडलेला पिस्टन. तू तो खिडकीत ठेवलास, जिथे आमचा गणपती होता त्याच्या शेजारी. मी म्हटलं, हे काय? म्हणालास, “इंजिन जाम झालं की असं होतं. आबांनी दिलाय. रोज बघायचा.” मला वाटलं, हा येडा आहे. तो होताच.

मग सुरू झालं तुझं कीर्तन. युनीमधून दमून यावं, ट्रॉल्या ढकलून यावं, आणि चहाच्या कपाबरोबर पेटीवाल्यांचा इतिहास. युद्धात त्यांनी विमानांचे पंखे बनवले, युद्ध संपल्यावर ती यंत्रं नुसती पडून होती, त्यांचंच काय करावं म्हणून मोटरसायकल काढली. पहिली गाडी बारीक, लालसर. लोक तिला लाल चतुर म्हणायचे. मी म्हणायचो, जर्मन गाडीची नक्कल होती ती. तू उसळायचास. “नक्कल तर नक्कल! काढली त्याच साली फुजीच्या डोंगरावरच्या रेसमधी पहिली आली का न्हाई? तुझ्या पुण्यात स्कूटरी काढल्या, कुठला डोंगर चढल्या?” मग टू-स्ट्रोकचं राज्य, तो निळा धूर, ती किंचाळी, ज्याने भल्याभल्या कंपन्यांना ट्रॅकवर पाणी पाजलं ते. मी म्हणायचो, शेवटी सगळ्यांना फोर-स्ट्रोकवरच यावं लागलं ना, तुझे पेटीवालेही आलेच. एवढ्याच एका मुद्द्यावर मी तुला हरवू शकायचो आणि तो मुद्दा मी हलकटासारखा दर वेळी काढायचो. सॉरी यार.

आणि मग ती गाडी. एका म्हाताऱ्या ऑसीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली, एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटं. अडीचशे सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पेटीवाल्यांचीच. लाल टाकी. टायरच्या दुकानात शिफ्ट करून तू सहा महिने आपल्या गॅरेजमध्ये तिच्याशी झोंबत होतास. शटर अर्धं वर, आत तू, बाहेर चाळीस डिग्री. कंपनीने दिलेला ऑइलचा पंप तू काढून टाकलास. रेसिंगवाले काढतात म्हणे. मग पेट्रोलमध्येच मोजून ऑइल मिसळायचं. मी विचारलं, कंपनीला तुझ्यापेक्षा जास्त कळत नाही का? म्हणालास, “कंपनीला कळतं, पण नाद न्हाई.”

गाडी चालवायला तूच शिकवलंस मला. पहिला धडा गिअरचा नव्हता. डावा हात धरलास माझा, पहिली दोन बोटं क्लचच्या दांडीवर ठेवलीस. “ही दोन बोटं कायम हितं. झोपलास तरी हितं. टू-स्ट्रोक कधी जाम होईल सांगता येत न्हाई. जाम झालं की मागचं चाक लॉक. तेवढ्यात क्लच दाबला तर वाचलास, नाहीतर खलास.” आबांचा नियम. तुला आठ वर्षांचा असताना शिकवलेला.

मलालाच्या ट्रॅकवर आपण जुन्या गाड्यांची रेस बघायला गेलो होतो, आठवतं? आपल्या समोर, सरळ रस्त्यावर, एका टू-स्ट्रोकचं इंजिन भर वेगात जाम झालं. टायर किंचाळला, गाडी आडवी झाली, लोक उभे राहिले. आणि पुढच्या क्षणी ती पुन्हा सरळ, आवाज बंद, गवतात जाऊन शांतपणे थांबली. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा उतरला, हेल्मेट काढलं आणि नाक पुसलं. तू माझ्या दंडाला असा काही चिमटा काढलास की चार दिवस वळ होता. “बघितलंस? दोन बोटं!” तुझे डोळे भरले होते. मी तुला हसलो होतो.

आता त्या ऑक्टोबरकडे येतो. येऊच नये असं वाटतंय.

ते दिवसच घाण होते. आपल्यासारखी हजारो पोरं आली होती, दर सेमिस्टरला नवी यायची, आणि टीव्हीवर दर आठवड्याला कुणाचं तरी फुटलेलं डोकं. गुरीला ट्रेनमध्ये अंडं मारलं होतं. आपण सगळे फोन खिशात दडवून, मान खाली घालून चालायचो. तू नाही चाललास कधी. शनिवारी भर दुपारी, सिग्नलला, एक पांढरी यूट, इथली मागे उघडी पिकअप गाडी, तुझ्या शेजारी थांबली. आतल्या तिघांनी आधी, आपल्या लोकांना हिणवायला म्हणतात तसं, ‘करी’ म्हणून हाका मारल्या, मग बिअरची बाटली तुझ्या हेल्मेटवर फोडली आणि सिग्नल सुटताच तुला लाथ घालून पाडलं. तू घरी आलास तेव्हा गुडघ्याची जीन्स फाटून मांसाला चिकटली होती, टाकीला पोचा होता. गुडघ्याकडे तू बघितलं नाहीस. टाकीवरून हात फिरवत राहिलास.

पोलिसांत जाऊ म्हटलं. म्हणालास, “कशाला? नंबर लिवून घेत्यात आणि चहा पित्यात.” आणि तुला ती यूट माहीत होती. तुझ्या टायरच्या दुकानात आली होती. घर कुठे तेही माहीत होतं. तू साखळी घेतलीस, गाडी बांधायची, जाड, कुलपासकट. हाताला गुंडाळलीस. तुझा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. तू शिव्याही देत नव्हतास.

मी गॅरेजच्या दारात उभा राहिलो. तू म्हणालास, बाजूला हो. मी म्हटलं, नाही. तू मला गालफडात मारलीस. मी तुला मारली. आयुष्यात मी कुणाला मारलं नव्हतं संग्या, सदाशिव पेठेत आम्ही पत्रं लिहितो. मी तुला पोटात मारली, तू मला भिंतीवर आपटलंस, गुरी ओरडत मध्ये आला तर त्याच्या नाकावर तुझं कोपर बसलं. मी किल्ली हिसकली. तू गाडी ढकलतच बाहेर काढायला निघालास, किल्लीशिवाय, म्हणजे कुठवर जाणार होतास देव जाणे. मी शटर धरलं आणि जीव खाऊन खाली ओढलं. तू डावा हात घातलास मध्ये, अडवायला.

तो आवाज मला रोज ऐकू येतो. शटरचा नाही. बोटांचा.

गुरी नाकातून रक्त गाळत म्हणत होता, “ओए, हड्डी टूटी है इसकी, हॉस्पिटल ले चल.” तू नाही म्हणालास. हॉस्पिटलात गेलं की कसं झालं विचारतील, मग पोलीस, मग युनी, मग व्हिसा. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात प्रत्येक रस्ता शेवटी व्हिसापाशीच जायचा. मूर्खपणा! चार डॉक्टर तर आपल्याच देवळात भेटायचे, एकाला विचारता आलं असतं. मीच तुझी पहिली दोन बोटं आइस्क्रीमच्या काडीला लावून काळ्या इलेक्ट्रिक टेपने गुंडाळली. तू दात खाऊन बसला होतास. सगळं झाल्यावर म्हणालास, “बांधलीस चांगली. मोडायला बी चांगली येत्यात तुला.” आणि मग बोलणंच बंद केलंस.

नऊ दिवस. तुझा तो अबोला! माझ्याकडे न बघता माझ्या ताटात भाकरी टाकायचास. गुरीला सांगायचास, “उसको बोलो मीठ कमी है.” शेजारी बसलेल्या माणसाला! किल्ली माझ्या खिशात होती. तुझा राग उतरलाय हे मला दिसत होतं, साखळी तू परत खिळ्याला टांगली होतीस. मला फक्त तू बोलायला हवा होतास. दुसरं काही नको होतं.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी किल्ली तुझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. हाताकडे बघून म्हटलं, “तीन आठवडे तरी थांब.” तू किल्लीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि हसलास. दहा दिवसांनी पहिल्यांदा मला म्हणालास, “दोन गेली तरी दोन हायत की रे पुणेकर.” करंगळी आणि तिच्या शेजारचं हलवून दाखवलंस. मग कात्रीने डाव्या हातमोज्याची दोन बोटं कापलीस, टेपचं गाठोडं बाहेर राहावं म्हणून. मी समोर बसून बघत होतो. मी तुला थांबवू शकत होतो. पण तू बोलला होतास, मी खूष होतो. मी कात्री धुऊन ठेवली.

त्याच दिवशी, शहराबाहेरच्या हिल्समधून खाली येताना, लांब उतारावर, एका वळणाआधी. पोलिसांचा गाडी तपासणारा माणूस म्हणाला, “इंजिन लॉक झालं, मेट. या जुन्या गाड्यांचं होतं असं.” मी ती जागा जाऊन बघितली. मागच्या चाकाची काळी रेघ, सरळ, माझी अठरा पावलं. वळण आलं तरी सरळ. शेवटी तो विजेचा खांब, इथले असतात तसा, लोखंडी पट्ट्यांमध्ये काँक्रीट. त्यावर तुझ्या टाकीचा लाल रंग. अठरा पावलं म्हणजे किती वेळ रे? मी रोज मोजतो. दोन बोटांना पुरेसा वेळ. बाकीच्या दोन बोटांनी हँडल धरलं होतं, ती क्लचवर नव्हतीच, असणारच कशी? मी त्या खांबाला लाथा घातल्या. लोकांनी गाड्या थांबवून बघितलं. पायाचा अंगठा सुजला, बरं वाटलं.

तुझं शव पाहायला मला बोलावलं तेव्हा तुझा चेहरा ओळखू येण्यासारखा नव्हता. मी टेपवरून ओळखलं तुला. माझ्या हाताची गुंडाळी.

तुझं सामान मी भरलं. गणपतीशेजारचा पिस्टन, मार्कशीट, हेल्मेट नाही. हातमोजे मी धुतले. डावा ठेवून घ्यावा, नाल्यात टाकावा, जाळावा, सगळं मनात आलं. पण जोडी मोडवेना. दोन्ही कोल्हापूरला पाठवले.

तुझे दिवस चालू असतानाच आबांचा फोन आला. त्यांना कोण काय सांगणार, ते पन्नास वर्षं इंजिनं उघडतायत. त्यांनी एवढंच विचारलं, “डाव्या हातमोज्याची दोन बोटं का कापलीत रे?”

“जुना झाला होता, आबा. फाटला होता.”

ते म्हणाले, “बरं. जेवत जा येळेवर.”

त्यानंतर मला घास गिळेना. बरं म्हणाले, संग्या! मी मोडलेल्या बोटांबद्दल खोटं बोलतोय आणि तो माणूस मला जेवत जा म्हणतोय. तेराव्यापर्यंत कळ काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी, तिकडे सकाळ होती, मी फोन लावला. मागे गॅरेजमध्ये कुठलीतरी गाडी चालू होती. मी म्हटलं, आबा, तो हातमोजा फाटला नव्हता. मग सगळं सांगितलं. यूट, साखळी, शटर, काडी, टेप, किल्ली, कात्री. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर परत बोलता आलं नसतं.

मागची गाडी बंद झाली. आणि आबा ओरडले. तुझ्या आबांचा आवाज एवढा चढतो हे मला माहीत नव्हतं. “किल्ली कशाला दिलीस भाड्या? माझं पोरगं मारलंस तू! हात मोडलास त्याचा आणि वर गाडी दिलीस!” मग काहीतरी फेकल्याचा आवाज, पाना असेल, पत्र्यावर. मग फोन कट.

बरोबरच होतं त्यांचं. मी तीन दिवस गॅरेजमध्ये बसून होतो. शटर खाली ओढून अंधारात. गुरी जेवण दाराशी ठेवून जायचा आणि संध्याकाळी तसंच उचलून न्यायचा. एकदा मी माझी दोन बोटं शटरखाली ठेवून पाहिली. वरून दुसऱ्या हाताने ओढायला गेलो. नाही ओढवलं. तुझ्यावर ओढवलं आणि माझ्यावर नाही.

काल आबांचा फोन आला. आवाज बसलेला. मी हॅलो म्हणायच्या आधीच म्हणाले, “ऐक. मधी बोलू नगंस. ऑइलचा पंप काढायला त्याला कुणी शिकवलं?”

आणि उत्तरही त्यांनीच दिलं.

“मी. आठवीत हुता. गल्लीत पोरं गोळा व्हायची बघायला, संग्राम रेसिंगची गाडी बांधतोय म्हणून. मला गुदगुल्या व्हायच्या. आता लांब उतार असला, हाताची रेस सोडलेली असली, तर पेट्रोलबी जात न्हाई आत आणि त्यातलं ऑइलबी न्हाई. कोरडं फिरतंय इंजिन. पंप असता तर थोडं तरी ऑइल गेलं असतं. पन्नास वर्षं हे मला ठावं हाय. त्याला बोटं ठेवायला शिकवलं आणि बोटं कशापायी लागणार तेबी मीच करून ठेवलं.”

“आबा, तसं नाही…”

“गप. तू हात मोडलास. मी पंप काढला. आता तू हे एकट्यानं घिऊन बसू नगंस, मीबी एकट्यानं न्हाई बसत. कळलं का? अर्धं अर्धं. आई इचारत हुती, तो पुण्याचा पोरगा आला न्हाई का म्हणून. व्हिसा मिळाला की ये.”

मग आम्ही दोघं फोनवर रडलो. मोठ्याने. तिकडून कुणीतरी गिऱ्हाईक “आबा, काय झालं?” विचारत होतं आणि आबांनी त्याला शिवी घातली.

आज सकाळी मी शटर वर केलं. गुरीने चहा आणला. खिळ्यावर तुझी साखळी तशीच आहे, जमिनीवर ऑइलचा डाग आहे, तो मी पुसणार नाही.

संग्या, ती पेटी दोघांनीच उचलली होती रे. आता तरी मान.